तर्जनीखालच्या सहा तारा

साठीच्या उंबरठ्यावर गिटार हाती घेणाऱ्याचे पहिले काही महिने सुखाचे जातात. ई मायनर, जी, सी, डी या कॉर्ड हळूहळू बोटांना वश होतात. एखाद्या स्तवनाला किंवा जुन्या चित्रपटगीताला साथ करता येऊ लागते आणि घरची मंडळी कौतुकाने ऐकतात. मग पुस्तकाच्या पुढच्या पानावर एफ येतो. तर्जनी पहिल्या पडद्यावर आडवी टाकायची, तिच्याखाली सहाही तारा दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी आपापल्या जागा घ्यायच्या; हीच बार कॉर्ड. तारा छेडल्या की सुराऐवजी ठक्-ठक् असा मुका आवाज निघतो. महिना जातो, दुसरा जातो आणि गिटार कपाटावर जाऊन बसते.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील व्यापारी घरांत दुकानाची सूत्रे मुलाकडे सोपवून मोकळ्या झालेल्या गृहस्थाची अडचण आणखी वेगळी असते. चाळीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या हिशेबात सहसा कोणी चूक काढत नाही. येथे मात्र विशीतला शिक्षक त्याचे मनगट धरून जागेवर आणतो, आणि दाराआडून नातवंडांचे हसू ऐकू येते. अशा वेळी ‘आता बोटांत जोर राहिला नाही’ हे कारण फार सोयीचे वाटते. बहुतेक वेळा ते खरे नसते.

एफ वाजवताना तर्जनी सहा तारांवर पडलेली असली, तरी तिला प्रत्यक्षात तीनच तारा वाजवायच्या असतात: पहिली, दुसरी आणि सहावी. मधल्या तीन तारा इतर बोटे पुढच्या पडद्यांवर सांभाळतात. हे ध्यानात न आल्यामुळे नवशिका सर्व बळ तर्जनीच्या मध्यभागी ओततो, आणि तेथेच त्याची गरज सर्वांत कमी असते. बोट सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या, हाडाच्या कडेवर किंचित कलते करावे आणि पडद्याच्या धातूपट्टीला लगटून ठेवावे. अंगठ्याने चिमटा काढण्यापेक्षा कोपर सैल सोडून हाताचे वजन मागे ओढू द्यावे. जड गोणी उचलताना हमाल नुसत्या मनगटावर भार घेत नाही, तसेच.

त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे एफपासून आरंभच न करणे. पहिल्या पडद्यावर शेजारच्या उंच पट्टीमुळे तार दाबायला सर्वांत कठीण जाते. बोटांची तीच आकृती पाचव्या पडद्यावर धरली की ए मेजर होतो आणि तो पुष्कळ लवकर बोलू लागतो. तेथे आठवडाभर बसावे, मग चौथ्या, तिसऱ्या पडद्याकडे उतरावे. पुस्तके आधी एफ शिकवतात ती केवळ गाण्यांत तो लवकर लागतो म्हणून.

वाद्याचाही दोष असतो. स्वस्त गिटारच्या तारा अनेकदा दांडीपासून अवाजवी उंच असतात. जाणत्या कारागिराकडून त्या खाली आणून घ्याव्यात. 0.012 इंचाऐवजी 0.010 इंचापासून सुरू होणारा तारांचा संच घेतला, तरी बोटांचे श्रम वाचतात. विदर्भाच्या हवेचाही यात वाटा आहे. वैशाखात लाकूड कोरडे पडते आणि पावसाळ्यात ओल शोषून फुगते, तेव्हा तारा आणखी वर चढतात. उन्हाळ्यात गिटार कूलरच्या झोतात ठेवणारे घर कमी नाही. ते तेवढे टाळावे.

खरेदीपूर्वी जैन कुटुंबाने दोन प्रश्न अवश्य विचारावेत. अभिजात गिटारच्या तारा पूर्वी मेंढीच्या आतड्यापासून बनत. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा तुटवडा पडला आणि न्यूयॉर्कमधील कारागीर आल्बर्ट ऑगस्टीन यांनी, थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्या प्रोत्साहनाने, नायलॉनच्या तारा घडवल्या. आज दुकानात पोलादी किंवा नायलॉनच्याच तारा मिळतात, त्यामुळे ती चिंता उरलेली नाही. मात्र काही महागड्या गिटारींत तारांखालची पट्टी हाडाची असते. तेथे कृत्रिम पदार्थाची पट्टी मागून घेता येते, आणि सुरात नवशिक्याला जाणवेल असा फरक पडत नाही.

वयाचा मुद्दा निघालाच आहे, तर गांधीजींचे उदाहरण वर्धेकरांना परके नाही. लंडनमध्ये एकोणीस-वीस वर्षांचे असताना साहेबी रीत अंगी बाणवण्यासाठी त्यांनी तीन पौंडांचे व्हायोलिन घेतले. थोड्याच महिन्यांत तो नाद सोडला आणि मिळेल त्या किमतीला ते विकून टाकण्याची विनंती शिक्षिकेला केली. बोटे तेव्हा कोवळी होती. ‘हिंद स्वराज्या’त चरख्याचा पुरस्कार करताना तो कधी पाहिल्याचेही त्यांना आठवत नव्हते, सूत काढायला ते शिकले पन्नाशीच्या आसपास, आणि सेवाग्रामात सत्तरीकडे झुकलेले असतानाही रोज कातत राहिले. व्हायोलिन दुसऱ्यांसारखे दिसण्यासाठी होते. चरख्याचे सूत नेसायचे होते.

एक सावधगिरी मात्र हवीच. बोटांच्या टोकांची आग चार-सहा आठवड्यांत कमी होते, ती सोसावी. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात कळ आली, तर त्याच क्षणी थांबावे. मधुमेह असलेल्यांत बोट वाकून अडकण्याचा विकार अधिक आढळतो. त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून हट्ट धरू नये. एकाच बैठकीतल्या तासापेक्षा दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटे अधिक फळतात. दुकानाच्या माणसाला ती काढणे कठीण नाही, विशेषतः कापसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या पावसाळी दिवसांत.

आणि सांधेच साथ देत नसतील, तर गिटार सोडण्याची गरज नाही. तारांवर केपोचा चिमटा बसवून पुष्कळ गाणी सोप्या कॉर्डमध्ये वाजवता येतात. एफचेही चार तारांचे लहान रूप आहे. त्यात तर्जनीला दोनच तारा दाबाव्या लागतात. याखेरीज मांडीवर आडवी ठेवून पोलादी दांड्याने वाजवायची हवाईयन गिटार आहे. तिच्यात आडव्या बोटाचे काम तो दांडाच करतो. ब्रिजभूषण काब्रा यांनी याच रीतीने तिच्यावर राग वाजवले. 1967 सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्या जोडीला ती ऐकू येते.