स्टिअरिंगची कुरकुर आणि निदानाचे दाम

पावसाळा सरत आला आणि रस्त्यांवरील खड्ड्यांची डागडुजी नुकती कोठे सुरू झाली, की गावोगावच्या गॅरेजांतून एक तक्रार हटकून ऐकू येऊ लागते: ‘स्टिअरिंग फिरवलं की आवाज येतो.’ तक्रार करणारा इसम त्रासलेला असतो, ऐकणारा कारागीर घाईत असतो, आणि आवाज कोणत्या जातीचा, गाडी उभी असताना येतो की चालती असताना, वळणावर येतो की गतिरोधकावर, हा जो मुळातला प्रश्न तो दोघांपैकी कोणीच विचारीत नाही; त्याऐवजी ‘रॅक गेलाय, साहेब’ असा फैसला उभ्याउभ्या सुनावला जातो आणि हजारोंचा आकडा जॉब कार्डावर चढतो. ही रीत गैर आहे. परंतु तिचे सारे खापर कारागिराच्या माथी फोडणे हेही तितकेच गैर होय, असे माझे मत आहे.

वस्तुतः हे आवाज परस्परांहून इतके भिन्न असतात की लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला अर्धा तपास गाडी जॅकवर चढवण्यापूर्वीच उरकता यावा. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप असतो. त्याचे तेल उतरले किंवा त्यात हवा शिरली, तर वळवताना कण्हल्यासारखा सूर निघतो आणि टाकीचे झाकण उघडताच तेलावर फेस दिसतो. बेल्ट सैल असेल, तर स्टिअरिंग टोकाला नेताना कर्कश चीत्कार होतो. टोकाला नेऊन तसेच दाबून धरले तर निरोगी पंपसुद्धा कुरकुरतो, कारण त्या क्षणी तेलाचा दाब परमावधीला पोचून ते झडपेतून माघारी वळत असते. तो यंत्राचा दोष नव्हे, चालकाची खोड. तेल उतरले असेल तर गळती शोधून बंद करावी आणि उत्पादकाने नेमून दिलेलेच तेल भरावे. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतणाऱ्याने पंपाच्या व रॅकच्या सीलांचे वाटोळे केले असे समजावे. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत तर हे काम विजेची मोटर करते आणि तेथे तेलाचा थेंबही नसतो. अशा गाडीच्या मालकाला ‘ऑइल टाकून बघू’ असा सल्ला मिळाल्यास त्याने विनयपूर्वक नमस्कार करून दुसरे गॅरेज गाठावे.

1983 च्या अखेरीस मारुती 800 रस्त्यावर आली आणि ज्या चाकांनी वळायचे त्यांनीच गाडी ओढायची, ही रचना आपल्याकडील मध्यमवर्गाच्या दारी येऊन उभी राहिली. वळलेल्या चाकालाही एकसारखी गती पोचवणारा, सहा पोलादी गोळ्यांचा जो सांधा त्या रचनेला लागतो, तो आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने 1926 साली सिद्ध केला. हा सांधा ग्रीसमध्ये बुडून, रबरी बुटाच्या आत सुखाने वर्षानुवर्षे नांदतो. पण बूट एकदा फाटला की ग्रीस बाहेर उडते, चिखलपाणी आत शिरते, आणि मग पूर्ण वळण घेताना ॲक्सिलरेटर दिला रे दिला की चाकाच्या गतीबरोबर वाढत जाणारी कट्‌-कट्‌-कट्‌ सुरू होते. रिमच्या आतल्या बाजूला उडालेला काळा, चिकट पट्टा हा या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा होय, व तो पाहण्यास वाकण्यापलीकडे कसलेच कौशल्य लागत नाही. बूट वेळीच बदलला तर खर्च किरकोळ. कटकट सुरू झाल्यावर मात्र सांधा, आणि पुष्कळदा अख्खा एक्सल, बदलणे प्राप्त होते.

गाडी उभी असताना स्टिअरिंग वळवले आणि पुढून ‘टण्’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला, तर संशय स्ट्रटच्या माउंटिंगवर घ्यावा. एकाने आत बसून सावकाश वळवावे, दुसऱ्याने स्प्रिंगला बोटांचा नुसता स्पर्श ठेवावा (बोटे वेटोळ्यांत घालू नयेत). प्रत्येक आवाजासरशी स्प्रिंगने हिसका दिला तर वरचे बेअरिंग जाम झाले आहे. सरळ चालताना गतिरोधकावर होणारी खडखड बहुतेक वेळा लिंक रॉडची किंवा लोअर आर्मच्या बुशची असते आणि स्टिअरिंग बिचारे निष्कारण बदनाम होते. खरोखरच रॅकमध्ये खडखड असली, तरी त्याच्या नटाला एखादा पीळ देऊन ‘झालं काम’ म्हणणाऱ्याच्या हातात सहजासहजी किल्ली देऊ नये. नट प्रमाणाबाहेर आवळला की आवाज थांबतो खरा, पण वळणानंतर आपण होऊन सरळ होण्याचा स्टिअरिंगचा गुण नष्ट होतो, आणि घाटात त्याची जाणीव फार उशिरा होते.

इतके सारे अनुभवी मिस्त्रीला ठाऊक असते; मग तो तपास का करीत नाही? कारण आपण त्याला त्याबद्दल मोबदला देत नाही. सुटा भाग, मजुरी, तेल, अलाइनमेंट या सर्वांना आपल्या बिलात रकाना आहे. गाडीखाली पाठ टेकून त्याने घालवलेल्या अर्ध्या तासाला मात्र नाही. ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ असे आपणच विचारतो, आणि मग ज्याची मिळकत केवळ भागांच्या विक्रीवर चालते त्याने लहान भागाऐवजी मोठा भाग सुचवला की त्याच्या सचोटीवर शंका घेतो. मोठ्या अधिकृत सेवाकेंद्रांत तर कथा आणखीच न्यारी: मालकाने तपशीलवार सांगितलेले सर्व काही स्वागतकक्षात ‘स्टिअरिंग नॉइज चेक’ एवढ्या तीन शब्दांत आटोपते आणि पाना हाती धरणाऱ्याची व मालकाची गाठच पडत नाही.

यावर माझी शिफारस साधी आहे. निदानाचा आकार बिलात स्वतंत्र असावा, दुरुस्ती तेथे करवून घेतली न घेतली तरी तो द्यावा, आणि त्याच्या बदल्यात कारागिराला शेजारी बसवून, ज्या रस्त्यावर आवाज येतो त्याच रस्त्यावर गाडी फिरवून आणण्याचा आग्रह धरावा. बदललेला भाग मुद्देमालासारखा मागून घ्यावा आणि त्यात काय झिजले ते बोटाने दाखवावयास लावावे. मात्र तपासात टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट सैल आढळला, तर घासाघीस करीत बसू नये: तो सांधा निखळला तर चाक चालकाच्या ताब्यात राहत नाही, सबब गाडी तेथेच ठेवून रिक्षाने घरी जावे.