शेवटचे दहा हजार फूट

नरखेड तालुक्यातील संत्र्याच्या बागांत काम करणाऱ्या माणसाला डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचे आता अप्रूप राहिलेले नाही. हा तालुका नागपूर विमानतळाच्या वायव्येस, सरळ रेषेत पासष्ट-सत्तर किलोमीटरवर आहे. इंदूरकडून नागपूरला उतरणारे विमान या परिसरात येते, तेव्हा ढोबळ हिशेबाने ते दहा-बारा हजार फुटांपर्यंत खाली आलेले असते. खालून पाहणाऱ्याला ते संथपणे तरंगत गेल्यासारखे भासते. कॉकपिटमध्ये मात्र नेमक्या याच सुमारास कामाची सर्वांत मोठी गर्दी सुरू झालेली असते.

विमानाला उंची आणि वेग या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कमी करावयाच्या असतात. हजार फूट उतरण्यासाठी सुमारे साडेपाच किलोमीटर अंतर लागते, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. म्हणजे पस्तीस हजार फुटांवरून येणाऱ्या विमानाने जवळजवळ दोनशे किलोमीटर आधीच उतरणीस लागले पाहिजे. त्यास उशीर झाला, तर नियंत्रण कक्षाच्या सूचना, हवामानाची नोंद, उंचीमापकाची जुळणी, चाके आणि पंखांच्या झडपा ही सारी कामे थोडक्या वेळात अंगावर येतात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर या वेळी सर्वांत दुर्मीळ साधन इंधन नसून माणसाचे अवधान हे असते. इंधन जादा भरून घेता येते. अवधान तसे भरून घेता येत नाही.

या साधनाची उधळपट्टी किती महाग पडते, हे जगाला १९७२ च्या डिसेंबरात कळले. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात उतरू पाहणाऱ्या एका विमानाचे वैमानिक चाकांचा एक छोटा दिवा का लागत नाही, याच विवंचनेत गुंतून राहिले. तेवढ्यात विमान हळूहळू खाली येत दलदलीत कोसळले आणि १०१ माणसे प्राणांस मुकली. १९७४ मध्ये शार्लट येथे उतरताना वैमानिक राजकारणाच्या आणि जुन्या मोटारींच्या गप्पांत रमले होते. तेथे सत्तरांहून अधिक जीव गेले. त्यानंतर १९८१ मध्ये त्या देशाने नियम केला, की दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये उड्डाणाशी संबंध नसलेले संभाषण अथवा काम होता कामा नये. ही शिस्त पुढे भारतासह सर्वत्र रूढ झाली.

नियम योग्यच आहे. परंतु कॉकपिटमधील गप्पा बंद केल्या म्हणजे वैमानिकाचे मन मोकळे झाले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. अवधान खाणाऱ्या अनेक गोष्टी विमानात बसण्यापूर्वीच मनात शिरलेल्या असतात. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या धावपट्टीपलीकडील दरीत गेले आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. कप्तान प्रवासाचा बराच काळ झोपलेले होते, असे चौकशीत दिसून आले. विमान प्रमाणापेक्षा उंच राहिले होते. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याविषयी एकदा नव्हे, तीनदा सुचविले. ते मानले गेले नाही.

७ ऑगस्ट २०२० ची कोळिकोड येथील दुर्घटना तर नागपूरकरांच्या मनाला अधिक चटका लावणारी. त्या विमानाचे कप्तान दीपक साठे यांचे आईवडील नागपूरचे रहिवासी. हवाई दलात नावाजलेला, हजारो तासांचा अनुभव असलेला हा वैमानिक. मुसळधार पावसात पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला. त्यांच्या बाजूचा वायपर त्याच वेळी बंद पडला होता. दुसऱ्या प्रयत्नात, मागून वारा असताना, विमान धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकले. सहवैमानिकाने परत वर जाण्याचा इशारा दिला होता. दोघांसह २१ जण गेले. चौकशी अहवालाने कार्यपद्धतीचे उल्लंघन हे प्रमुख कारण ठरविले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्याच कप्तानांकडे होते, आणि त्या ठिकाणी कंपनीकडे पुरेसे कप्तान नव्हते, याकडेही त्याने बोट दाखविले. वादळातील त्या निर्णयाच्या क्षणी उद्याचे वेळापत्रकही कॉकपिटमध्ये बसलेले होते, असाच याचा अर्थ होतो.

यावर कोणी म्हणेल, की आता बहुतेक काम यंत्रेच करतात. ते खरे आहे. पण यंत्राकडेही लक्ष ठेवावे लागते. १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगळूरला कोसळलेले विमान त्या काळचे अद्ययावत संगणकीय विमान होते. इंजिने मंद शक्तीवर आहेत आणि वेग घटतो आहे, हे वेळेवर ध्यानात आले नाही. ९२ माणसे गेली. दुसरा आक्षेप असा, की अखेर निर्णय कप्तानाचाच असतो. तोही खरा, परंतु थकलेल्या माणसाच्या हाती निर्णय सोपवून त्याच्या विश्रांतीत काटकसर करणारा हिशेबनीस दोषमुक्त होत नाही. वैमानिकांच्या विश्रांतीचे सुधारित नियम पूर्णपणे लागू होताच २०२५ च्या डिसेंबरात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि काही तरतुदींतून तिला तात्पुरती सूट द्यावी लागली. मनुष्यबळाची तजवीज आधी न करता वेळापत्रक फुगविले, की नियम वाकवावा लागतो. सूट कागदावर मिळते. तिची किंमत दहा हजार फुटांखाली चुकवावी लागते.

तेव्हा तीन गोष्टी आवश्यक आहेत. विश्रांतीच्या नियमांना सोयीनुसार मुरड घातली जाऊ नये. विमान पुन्हा वर नेल्याबद्दल वैमानिकाला ना जाब विचारला जावा, ना इंधनाचा हिशेब मागितला जावा. आणि ‘वर चला’ हा सहवैमानिकाचा शब्द सूचना न राहता आज्ञा ठरावा. आपल्याकडे शाळेपासून कचेरीपर्यंत वरिष्ठाची चूक दाखविणे हा उद्धटपणा मानला जातो. जमिनीवर या सवयीपायी एखादी फाईल बिघडते. आकाशात माणसे मरतात.

प्रवाशांकडेही थोडा वाटा येतोच. उतरता उतरता विमान पुन्हा वर उचलले गेले, की आत कुरकूर सुरू होते, घड्याळे पाहिली जातात. नागपूरच्या विमानतळावर मुलाची वाट पाहणाऱ्या नरखेडच्या आईवडिलांनाही तो अर्धा तास जड जातो. पण तो उशीर म्हणजे वैमानिकाने शुद्धीवर राहून घेतलेला निर्णय असतो. त्या अर्ध्या तासाबद्दल त्याला दूषण देण्याऐवजी त्याचे आभार मानणे अधिक शहाणपणाचे होईल.