वजूचं पाणी, मुठेचं पाणी

"तुला डॉक्टर व्हायला घातलंय, की नदी साफ करायला?" आपा लेकीवर चिडली होती. माझी ही भाची पुण्यात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आषाढवारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामी आल्या, की ती वारकऱ्यांच्या पायांच्या फोडांना मलमपट्टी करते. त्याला आपाची हरकत नव्हती. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, हे तिला ठाऊक आहे. पण दर रविवारी मुठेकाठी कचरा वेचणं, झाडतोडीविरुद्ध फलक धरणं तिला पटेना.

भाची म्हणाली, "अम्मी, जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडे जीबीएसची साथ आली. धडधाकट माणसांच्या हातापायांतलं बळ गेलं. संशय दूषित पाण्यावरच होता. पेशंट बरा करून पुन्हा तशाच पाण्याकडे पाठवायचा का?"

आपा गप्प झाली. वाहत्या नदीकाठी असलात तरी वजूला पाणी वाया घालवू नका, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मुलांना देतो. मग नदी नासताना नुसतं पाहत कसं राहायचं?

"अभ्यास बुडता कामा नये," एवढी अट आपाने घातली. पुढच्या रविवारी डबा मात्र तिने दोघींपुरता भरला.