बोलेरोच्या मागे ट्रॉली

उन्हाळ कांदा निघायला लागला की कळवण-अभोणा-देवळा पट्ट्यातल्या गॅरेजात एक मागणी हमखास येते. "मिस्त्री, बोलेरोला मागं हूक मारून द्या, अन् दोन पाटे वाढवा." ट्रॅक्टर शेतात गुंतलेला, पिकअपचे भाडे खिशाला जड आणि दारात सात जणांची गाडी उभीच आहे. शेतकऱ्याचा हिशेब त्याच्या जागी ठीक आहे. गडबड आपली होते, कारण आपण लगेच वेल्डिंगचा होल्डर हातात घेतो. या कामाची सुरुवात भुईकाट्यावर व्हायला हवी.

कळवणला काट्यांची वाण नाही. बाजार समितीत गाडी भरून आली की ती काट्यावर चढतेच. मग हूक मारायला आलेल्या गाडीलाही आधी तिथे न्या. घरची माणसे बसवून अख्खी गाडी तोला. मग पुढची चाके काट्याबाहेर सपाट जागी ठेवून फक्त मागची चाके तोला, आणि गावातून भरलेली ट्रॉली मागून जोडून मागची चाके पुन्हा तोला. हे आकडे कंपनीने दिलेल्या वजनमर्यादेशी ताडून पाहा. बऱ्याचदा काम घ्यायचे की नाही, याचा निकाल तिथेच लागतो.

हुकावर ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार यावा. कमी आला तर ट्रॉली वेगात डावी-उजवी झुलू लागते. जास्त आला तर गाडीचे तोंड उचलते. 1,200 किलोची ट्रॉली हुकावर 150 किलो टाकते असे धरू. बोलेरोच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर 2,680 मिलिमीटर आणि हूक मागच्या चाकांपासून मीटरभर मागे. म्हणजे मागच्या अॅक्सलवर 150 नव्हे, सुमारे 206 किलो वाढले आणि पुढच्या चाकांवरून 56 किलो उचलले गेले. स्टिअरिंग हलके लागते, गिऱ्हाईक खूश होते. ती खुशी पहिल्या ओल्या वळणापर्यंतची.

पाटे वाढवणे ही आपल्या धंद्यातली सगळ्यांत फसवी दुरुस्ती आहे. बसलेली गाडी उचलली जाते, म्हणून ताकद वाढल्यासारखी दिसते. पण अॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक सगळे पूर्वीचेच. त्यात एक गोष्ट भले भले फिटर विसरतात. ज्या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब भाराप्रमाणे कमी-जास्त करणारा एलएसपीव्ही व्हॉल्व्ह असतो, तिथे तो पाटे किती दबले यावरून भार ओळखतो. जादा पाट्यांमुळे गाडी दबतच नाही. व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भर ओझ्यात मागच्या ब्रेकला तो दाबच कमी सोडतो. पाट्याला हात लावला की हा व्हॉल्व्ह नव्याने लावलाच पाहिजे, आणि नीट लावता येत नसेल तर पाट्याला हात लावू नये.

ओढायला इंजिन कमी पडते अशी तक्रार फारशी येत नाही. कमी पडते ती थांबायची ताकद. गाडी आणि ट्रॉली मिळून 3 टन वजन नांदुरीच्या घाटासारख्या उतारावर 100 मीटर खाली आले, तर साधारण 9 लिटर गार पाणी उकळेल एवढी उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. इंजिनाने आणि हवेने त्यातली थोडी घेतली तरी उरलेली लाइनर आणि डिस्कवर येते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हे गिऱ्हाइकाला किल्ली देताना सांगावे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून पुष्कळ आहेत. युरोपात एकूण 750 किलोच्या वर गेलेल्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागतोच. आपणही तीच रेघ पाळावी. गाडी मंदावली की ट्रॉलीच्या धक्क्याने आपोआप लागणारा ओव्हररन ब्रेक बसवणे कठीण नाही.

सेफ्टी चेन आणि ट्रॉलीच्या दिव्यांसाठी वेगळा रिले यांवर वाद नको. ते बसवायचेच.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम 182अ मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते. 'डीलर'साठी मात्र दंड गाडीमागे एक लाख, कैद वर्षापर्यंत; आणि या कायद्यातल्या डीलरच्या व्याख्येत गाड्या दुरुस्त करणाराही येतो. ट्रॉलीची नोंदणी वेगळी लागते, शिवाय ओढणाऱ्या गाडीचा नंबर तिच्या मागे दिसावा लागतो. ऑस्ट्रेलियात मोठ्या घरगुती गाडीचे पाटे-स्प्रिंग बदलून, तपासणी करून वाढीव वजनमर्यादेची अधिकृत पाटी मिळवता येते. आपल्या शेतकऱ्याला असा सरळ रस्ता नाही. तो असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आज मालेगावच्या परिवहन कार्यालयात जाऊन विचारल्याशिवाय चेसिसला भोक पाडू नये.

"तुम्ही नाही केलं तर शेजारचा वेल्डर करून देईल," हे उत्तर येणारच. त्या वेळी काट्याची पावती समोर ठेवावी आणि कागदावर दोन रकमा लिहाव्यात. एका बाजूला हूक, ट्रॉलीचा ब्रेक, दिवे, नोंदणी आणि लवकर जाणारी क्लच प्लेट. दुसऱ्या बाजूला हंगामातल्या फेऱ्यांचे पिकअपचे भाडे. चाळीतला कांदा तो एका दिवसात बाजारात नेत नाही, भाव बघून थोडा थोडा काढतो, तेव्हा फेऱ्यांचा आकडा त्यालाच विचारावा. औषधाच्या पंपाची छोटी ट्रॉली ओढायची असेल तर आकडे बहुधा जमतील. चाळीस-पन्नास गोण्या कांदा असेल तर नाही जमणार, आणि तेव्हा पिकअपवाल्याचा नंबर आपणच द्यावा.