सिस्टर आधी कुणाकडे जाणार? वॉर्डातला क्रम आणि आपल्या कुटुंबांची जबाबदारी

सप्टेंबर २०२२ मधली गोष्ट नागपूरकर विसरलेले नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातली सतरा वर्षांची एक विद्यार्थिनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात, म्हणजे आपल्या तोंडच्या ‘मेडिकल’मध्ये भरती झाली. तिला व्हेंटिलेटरची गरज होती, तो वेळेत मिळाला नाही. अंबू बॅग नातेवाइकांच्या हातात आली. आई-वडील आणि जवळची माणसं तासन्‌तास ती दाबत राहिली. मुलगी वाचली नाही.

त्यानंतर व्हेंटिलेटर किती, कुठे, कुणासाठी यावर भरपूर बोललं गेलं. ते बरोबरच होतं. पण अंबू बॅग दाबणं हे शिकलेल्या हाताचं काम आहे. किती जोराने, किती वेळाने, छाती वर येते का, ओठ निळे पडतात का, हे बघणारी नजर लागते. ते काम नातेवाइकांवर आलं, कारण त्या खाटेशेजारी तासन्‌तास उभं राहू शकेल असं प्रशिक्षित माणूस नव्हतं. म्हणजे यंत्राच्या तुटवड्यामागे माणसांचाही तुटवडा होता. आज आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत.

आपल्या घरांशी या विषयाचा थेट संबंध आहे. मेयो रुग्णालय मोमिनपुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. ताजबागपासून जाफरनगरपर्यंत क्वचितच एखादं घर असेल, ज्यातलं कुणी मेयो किंवा मेडिकलच्या वॉर्डात राहिलं नसेल. आणि बाहेर आल्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : “डॉक्टर चांगले होते, पण सिस्टर लक्षच देत नव्हत्या.” या वाक्यात किती खरं आणि किती गैरसमज, ते तपासून बघू.

क्रम कसा ठरतो

वॉर्डात परिचारिका ‘जो आधी बोलावेल तो आधी’ या नियमाने काम करत नाही. तिला शिकवलेला क्रम वेगळा आहे. आधी श्वासाची वाट मोकळी आहे का, मग श्वास नीट चालतोय का, मग रक्ताभिसरण, म्हणजे नाडी, बीपी, रक्तस्राव. त्यानंतर शुद्ध. हे सगळं ठीक असेल तर दुखणं, ठरल्या वेळची औषधं, ड्रेसिंग. आणि शेवटी चादर, कूस बदलणं, सलाइनची बाटली का संपली याचं उत्तर, सुट्टीचे कागद.

म्हणून समोरच्या खाटेवरचा शांत पडलेला, काहीच न बोलणारा माणूस तिला जास्त काळजीचा वाटू शकतो आणि ओरडणारा आपला पेशंट थोडा थांबू शकतो. ओरडू शकतो म्हणजे त्याचा श्वास चालू आहे, असा तिचा हिशोब असतो. आपल्याला तो कोरडा वाटतो, पण जीव वाचवणारा तोच आहे.

ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये हा अंदाज आकड्यांत बसवला आणि २०१७ मध्ये त्यात सुधारणा केली. श्वासाची गती, रक्तातला ऑक्सिजन, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, या सहा गोष्टींना गुण द्यायचे. पेशंट ऑक्सिजनवर असेल तर आणखी गुण धरायचे. बेरीज ५ झाली की डॉक्टरने तातडीने बघायचं, ७ किंवा जास्त झाली तर धावपळ करायची. यातला श्वास मोजण्याला कुठलंही यंत्र लागत नाही, घड्याळ पुरतं. तरी गर्दीच्या वॉर्डात सगळ्यात आधी तेच मोजायचं राहून जातं. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. २५ किंवा त्यापुढे गेला तर ती धोक्याची घंटा आहे.

ऑपरेशनचा पेशंट, औषधाचा पेशंट

सर्जरीच्या वॉर्डात पहिले काही तास सगळ्यात नाजूक असतात. पट्टीवर रक्त वाढतंय का, नाडी पळतेय आणि बीपी पडतंय का, लघवी होतेय का, हे सिस्टर पुन्हा पुन्हा बघते. साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली लघवी व्हायला हवी. कमी झाली तर शरीरात पाणी किंवा रक्त कमी पडतंय, अशी शंका घ्यावी लागते. लघवीच्या पिशवीवर सिस्टर कायम नजर ठेवते ती यासाठी. आणि ऑपरेशननंतर लगेच पाणी मागणाऱ्याला पाणी का देत नाहीत? गुंगी पूर्ण उतरलेली नसेल तर उलटी होऊन ते फुप्फुसात जाऊ शकतं. दुसऱ्या दिवशी पेशंटला उठवून चालायला लावतात, त्यात निर्दयपणा नाही. पायात रक्ताची गुठळी होऊ नये आणि छातीत कफ साठू नये म्हणून ते असतं.

मेडिसिनच्या वॉर्डात धोका हळू पावलांनी येतो. लकवा झालेल्याला गिळता येतं का हे तपासल्याशिवाय चमच्याने चहा दिला तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. इन्सुलिनवरच्या माणसाने जेवण टाळलं तर साखर ७० च्या खाली येऊन घाम, थरथर, बेशुद्धी. अंथरुणाला खिळलेल्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवलं नाही तर पाठीला जखमा. ही सगळी कामं छोटी दिसतात, पण त्यांतलं एक जरी चुकलं तरी पेशंटचा मुक्काम वाढतो, कधी जीवही जातो.

एका सिस्टरमागे किती खाटा?

भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण स्पष्ट आहे. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकामागे एक. रजांचा विचार करून ३० टक्के जादा. सरकारी वॉर्डात रात्री एक फेरी मारा आणि स्वतः मोजा.

साधं गणित करू. समजा एका रात्रपाळीत एका सिस्टरकडे ३० पेशंट आहेत. प्रत्येकाचा श्वास, नाडी, बीपी, ताप बघून लिहायला पाच मिनिटं धरली तर एका फेरीला १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. त्यात इंजेक्शनं नाहीत, नवी भरती नाही, कुणाची तब्येत बिघडलेली नाही. शेवटच्या खाटेपर्यंत ती पोचते तोवर पहिल्या खाटेवर काय झालंय, हे तिला कळायचा मार्ग कोणता? अशा वेळी क्रम खालून कापला जातो. आधी कूस बदलणं सुटतं, मग वेळेवर औषध, मग नोंदी. ही सुटलेली कामं नातेवाईक उचलतात. आणि २०२२ च्या त्या प्रकरणात क्रमातलं सगळ्यात वरचं काम, श्वास देणं, तेच नातेवाइकांकडे आलं.

याचा मृत्यूंशी संबंध आहे का? २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात युरोपातल्या नऊ देशांतली ३०० रुग्णालयं आणि चार लाखांहून जास्त सर्जरीचे पेशंट तपासले होते. परिचारिकेच्या वाट्याला एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आपल्याकडचे वॉर्ड तिथल्यापेक्षा कितीतरी जास्त भरलेले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा औषधांसोबत रिक्त पदांचाही प्रश्न पुढे आला.

परिचारिका स्वतः हे वर्षानुवर्षं सांगतायत. मे २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये राज्यभरच्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. कंत्राटी भरतीला विरोध ही दोन्ही वेळची मोठी मागणी होती. संपात ऑपरेशनं पुढे ढकलली गेली, आपली माणसं ताटकळली, राग आला. तो राग समजण्यासारखा आहे. पण थोड्या महिन्यांच्या करारावर येणारी सिस्टर वॉर्ड नीट ओळखायच्या आत बाहेर पडते. कायम पदांची मागणी पेशंटच्या बाजूचीच आहे.

घरच्यांनी काय करावं, काय करू नये

खाटेजवळ एकच जबाबदार माणूस ठेवा, पाळीपाळीने. त्याच्याकडे वही असू द्या : कोणती औषधं आधीपासून चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, ऑपरेशन कधी झालं. “पेशंटला बरं वाटत नाही” असं सांगण्यापेक्षा “दहा मिनिटांपासून श्वास जोरात चालतोय, मी मोजला, ३० आहे” असं सांगा. सिस्टर लगेच उठेल.

श्वास लागणं, अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, हाक मारूनही न उठणं, पट्टी रक्ताने भिजणं, छातीत दुखणं, थंड घाम, लघवी बंद होणं : यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, संकोच करू नका. बाकीच्या गोष्टी तिच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबू शकतात.

विचारून जेवण भरवणं, तोंड पुसणं, कूस बदलायला मदत, हात धरून चालवणं हे आपण करू शकतो. ऑक्सिजन कमी-जास्त करणं, सलाइनची गती वाढवणं, नाकातल्या नळीतून न शिकता दूध सोडणं, लघवीची नळी ओढणं हे हरगिज नाही. दम्यासारख्या जुन्या फुप्फुसाच्या आजारात जास्त ऑक्सिजनही घातक ठरू शकतो.

इयादत ही सुन्नत आहे, पण पंधरा जणांनी एकदम खाटेभोवती उभं राहणं ही इयादत नाही. हात धुवा, दुआ करा, पाच मिनिटांत निघा. टाके ताजे असलेल्या माणसाला आपल्या हातावरचे जंतू महागात पडतात. रमजानमध्ये काही मधुमेही पेशंट सिस्टरला न सांगता रोजा ठेवतात आणि ती नेहमीचं इन्सुलिन देते. आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे. रोजा ठेवायचाच असेल तर आधी डॉक्टरला सांगा, लपवू नका.

आणि हात उगारणं तर कुठल्याच परिस्थितीत नाही. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने आरोग्य कर्मचाऱ्यावरचा हल्ला हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा, अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मार खाल्लेली सिस्टर त्या रात्री बाकीच्या पेशंटांनाही नीट बघू शकत नाही.

मागायचं कुणाकडे

खासगी रुग्णालयात असाल तर २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली असायला हवी. ती वाचा, बिलासोबत रात्रपाळीला किती प्रशिक्षित परिचारिका असतात हेही विचारा. सरकारी रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्ज करून मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, हे वॉर्डवार मागता येतं. दर वर्षी हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येतं. आपले आमदार त्या काळात मेयोपासून काही मिनिटांवर बसलेले असतात. त्यांच्या हातात निवेदनासोबत हे आकडे द्यायला हवेत. मोहल्ल्यातल्या जमाती आणि तरुणांच्या संघटना हे काम सहज करू शकतात.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरातली. मुलगी बारावी सायन्स झाली की डॉक्टर किंवा फार्मसी, एवढंच सुचतं. नर्सिंगचं नाव काढलं की “रात्रपाळी असते” म्हणून विषय मिटतो. मदिनेत मशिदीच्या आवारात तंबू लावून जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा अल-अस्लमिया यांचं नाव आपण तकरीरीत अभिमानाने घेतो. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना त्यांच्याच तंबूत ठेवलं होतं. मग आपल्या मुलीने बीएस्सी नर्सिंगचा फॉर्म भरला तर घरात हरकत कशाला? वॉर्डात माणसं कमी आहेत अशी तक्रार करताना, ती माणसं आपल्या घरातूनही जायला हवीत.