टाके पिकतात, त्याला भात कारण नाही

सिझर होऊन सातवा दिवस. बाळंतीण माहेरी आली आहे, पोट जुन्या सुती साडीने घट्ट बांधलं आहे. संध्याकाळी साडी सोडताना आतल्या घडीवर पिवळसर, ओला डाग दिसतो. टाके तिला स्वतःला दिसत नाहीत, कारण ओटीपोटाची वळी त्यांच्यावर उतरलेली असते. मग घरात कारणं शोधली जातात. भात खाल्ला, डाळ खाल्ली, अंगाला वारं लागलं. शेवटी कुणीतरी हळूच म्हणतं, ‘वजन केवढं वाढलंय हिचं.’

भाताचा यात काही दोष नाही. वजनाचा संबंध मात्र खरा आहे. कातडीखालच्या चरबीला तिच्या आकारमानाच्या मानाने रक्तवाहिन्या कमी असतात, त्यामुळे प्राणवायूही कमी पोहोचतो. जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना प्राणवायू लागतो आणि जखम सांधणारं कोलॅजन पक्कं व्हायलाही तोच लागतो. थर जाड असला की शिवल्यावरही आत पोकळी राहते, तिथे पाझर साठतो आणि जंतूंचं फावतं. वर आडवा छेद नेमका वळीखाली येतो, म्हणजे घाम, ओल आणि घासणं आलंच. जोडीला मधुमेह असेल तर जखम आणखी रेंगाळते.

हा प्रश्न मूठभर स्त्रियांचा नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात सिझरचं प्रमाण २५.४ टक्के होतं, गोव्यात ३९.५. जादा वजनाच्या स्त्रिया अनुक्रमे २३.४ आणि ३६.१ टक्के.

नवव्या महिन्यात ‘वजन कमी करा’ असं बजावून काहीही साधत नाही. तिचं वजन त्या दिवशी बदलणार नाही, पण तयारी बदलता येते. छेद घेण्याआधीच प्रतिजैविक द्यायचं आणि त्याची मात्रा वजन पाहून ठरवायची. चरबीचा थर दोन सेंटिमीटरहून जाड असेल तर तोही शिवायचा, म्हणजे जखम उसवण्याचा धोका घटतो. कातडीला पिनांऐवजी टाके घालणंही फायद्याचं ठरलं आहे.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथे ४०३ लठ्ठ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना शस्त्रक्रियेआधी नेहमीचं प्रतिजैविक दिलं होतं. त्यानंतर ज्यांना ४८ तास सेफालेक्सिन आणि मेट्रोनिडाझोल दिलं, त्यांच्यात जखमेचा संसर्ग ६.४ टक्के राहिला, तर तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या मिळालेल्यांमध्ये तो १५.४ टक्के झाला. गर्भजल आधीच फुटलेल्या स्त्रियांना फायदा सर्वांत जास्त झाला. म्हणून प्रत्येकीला सरसकट गोळ्या सुरू कराव्यात असं नाही, तो निर्णय डॉक्टरांनी तिची प्रकृती पाहून घ्यायचा. महागडं उपकरण हेही नेहमी उत्तर नसतं. जखमेवर बसवायच्या निर्वात पट्टीची चाचणी अमेरिकेतच १,६२४ लठ्ठ स्त्रियांवर झाली. २०२० साली आलेल्या निकालात संसर्ग कमी झाल्याचं दिसलं नाही, उलट कातडीवर फोड येण्याचं प्रमाण वाढलं.

खरी उणीव घरी परतल्यावर जाणवते. संसर्ग बहुतेक वेळा दवाखाना सोडल्यानंतर डोकं वर काढतो आणि नेमकं तेव्हा बाईकडे पाहणारं कुणी नसतं. त्यात ‘जाड आहेस म्हणून’ हे ऐकावं लागेल या भीतीने ती डाग लपवते. डिस्चार्ज कार्डावर टाके दाखवायची तारीख ठळक लिहायला हवी. जखम कोरडी कशी ठेवायची, वळी उचलून आरशात किंवा मोबाइलच्या फोटोत ती रोज कशी पाहायची, हे घरी जाण्याआधी तिला करून दाखवायला हवं. लाली पसरणं, ताप, दुर्गंधी, पाझर, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

गावात आशाताई सिझरच्या बाळंतिणीकडे सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत पाच वेळा जातात. त्या भेटींचा भर मुख्यतः बाळावर असतो. बाळाचं वजन घेऊन झालं की त्यांनी दार लोटून घ्यावं आणि आईची वळी उचलून टाके पाहावेत. तेवढा वेळ आणि तेवढं प्रशिक्षण आरोग्य खात्याने त्यांना द्यावं.