अ‍ॅस्टरची खरी परीक्षा मे महिन्यात!

मंडळी, ऑक्टोबर उजाडला की नर्सरीवाल्यांची चंगळ असते. दिवाळी तोंडावर असते, बाल्कनी सजवायची असते, वीकएन्डही मोकळा असतो... आणि नर्सरीच्या दारातच जांभळ्या-गुलाबी अ‍ॅस्टरच्या कुंड्या मांडलेल्या असतात. दोन कुंड्या उचलल्या, फोटो काढला, काम फत्ते! थोड्या दिवसांनी फुलं सुकतात, मागोमाग झाडही वाळतं आणि आपण जाहीर करून टाकतो, ‘आपल्या हाताला यशच नाही बुवा.’

तर आधी गुड न्यूज. दोष तुमच्या हाताचा नाही. कुंडीत मिळतं ते बहुतेक वेळा चायना अ‍ॅस्टर असतं आणि ते झाड एकाच हंगामाचं. फुललं, बी धरलं, संपलं. ‘पुढच्या वर्षी पुन्हा येईल’ म्हणून रिकाम्या कुंडीला पाणी घालत बसू नका.

बारमाही अ‍ॅस्टर वेगळं. ते मूळचं उत्तर अमेरिकेतलं. बुकेवाला गुलाबांच्या मधल्या जागेत बारीक, चांदण्यांसारख्या फुलांच्या काड्या खोचतो ना, त्यांत हेही असतं. ग्रीक भाषेत अ‍ॅस्टर म्हणजे ताराच. इंग्लंडात २९ सप्टेंबरच्या मायकेलमस सणाच्या सुमारास ते फुलतं, म्हणून तिकडे त्याचं नाव मायकेलमस डेझी. थोडक्यात, आपल्या दसऱ्याला झेंडू, तसं त्यांच्या सणाला हे.

इंग्रजी गार्डनिंगच्या पुस्तकांत या झाडाला हिवाळ्यात कसं सांभाळायचं, ते सविस्तर दिलेलं असतं. आमच्या यवतमाळच्या अंगणात मात्र ते प्रकरण उलटं वाचावं लागतं. इथला हिवाळा म्हणजे झाडाची मजाच. त्याचा जीव जातो तो एप्रिल-मेमध्ये. पारा ४३-४४च्या घरात, काळी जमीन भेगाळलेली आणि पाण्याचा पत्ता नाही. बारमाही म्हणजे काय, तर जे मे महिना काढेल ते!

२०१८चा उन्हाळा यवतमाळकर विसरणार नाहीत. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं तळाला गेली. टँकर आला की आधी पिण्याचं भरायचं, मग स्वयंपाकाचं, मग उरलं तर बाकीचं. अशा वेळी फुलझाडाला तांब्याभर पाणी घालायचं की नाही, हा हौसेचा प्रश्न राहत नाही. शेजारची बाई रिकामी घागर घेऊन उभी असताना आपण वाफ्यात पाइप सोडतो का, असा तो प्रश्न असतो.

आईने तो दोन मिनिटांत सोडवला. अख्खा वाफा सोडून दिला आणि दोन कुंड्या तेवढ्या ठेवल्या. मी हळहळले, तर म्हणाली, ‘अख्खं झाड कायले जगवतं वं? दोन मुनवे जगले तरी बस्स झालं.’

आणि बारमाही अ‍ॅस्टरचं सगळं शास्त्र याच वाक्यात आहे. फुलं संपली की झाड जमिनीलगत छाटायचं. शेवंतीला निघतात तसे त्याच्या बुडातून मुनवे निघतात. त्यातले दोन-चार कुंडीत लावायचे आणि उन्हाळाभर सावलीत ठेवायचे. आमच्याकडे तुराट्यांची ताटी आडवी लावतात आणि कुंडीतल्या मातीवर सोयाबीनच्या कुटाराचा जाड थर देतात, म्हणजे ओल टिकते. पाणी? डाळ-तांदूळ धुतलेलं. नळाचं वेगळं लागत नाही. जूनचा पाऊस लागला की मुनवे पुन्हा वाफ्यात. वाफा मात्र उंच हवा, काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं कुजलीच म्हणून समजा.

फ्लॅटवाल्यांसाठी खास टीप. हे झाड रात्र मोजतं! दिवस लहान आणि रात्र मोठी होत गेली की मगच ते कळ्या धरतं. बाल्कनीतली ट्यूबलाइट रात्रभर जळत असेल, तर त्याचा हिशेब चुकतो आणि कळ्या लांबतात. तेव्हा रात्री लाइट बंद. झाडाचंही भलं, बिलाचंही.

आणि ज्यांना इतका संसार नको, त्यांनी खुशाल चायना अ‍ॅस्टर लावावं. फक्त ऑक्टोबरात तयार कुंडी उचलण्याऐवजी जुलैत बी पेरा. बी ताजंच घ्या, जुनं नीट उगवत नाही. महिनाभरात रोपं चार-पाच पानांवर आली की फूटभर अंतरावर लावा. पेरल्यापासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांत फुलं, म्हणजे ऐन दिवाळीच्या आसपास. पुण्याच्या गणेशखिंड केंद्राच्या फुले गणेश व्हाइट, पिंक, व्हायोलेट आणि पर्पल या जाती आपल्याच राज्यातल्या, बेंगळुरूच्या कामिनी आणि पूर्णिमाही छान. दरवर्षी जागा तेवढी बदला, नाहीतर मर रोग मुक्कामाला येतो.

यातलं कुठलं अ‍ॅस्टर भारी, हे मी सांगणार नाही. हंगामापुरतं हवं असेल तर बी आणा. वर्षानुवर्षं हवं असेल, तर मुनवा लावण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: मे महिन्यात आपण याला रोज तांब्याभर वापरलेलं पाणी घालणार आहोत का? उत्तर ‘हो’ असेल, तर ऑक्टोबरची काळजी झाड स्वतःच घेईल.